हस्तलिखित मोठ्याने वाचताना जिभेवर लक्ष ठेवा

कागदावर असतं ‘त्याने दार उघडले आणि तो आत गेला’ आणि तोंडातून निघतं ‘दार उघडून तो आत गेला’. वाचणाऱ्याला बहुतेक वेळा याचा पत्ताही लागत नाही. लिखाण स्वतःचंच, त्यामुळे पुढे काय येणार ते ठाऊक असतं. डोळा दोन शब्द पाहतो आणि उरलेलं वाक्य आठवणीतून पुरवतो. जीभ मात्र बोलण्याची सवय सोडत नाही. तिला जे अवघड जातं ते ती परस्पर सोपं करून टाकते. अडखळलेली जागा कुणालाही कळते. जिभेने गुपचूप दुरुस्ती केलेली जागा पकडायला मेहनत लागते, आणि हस्तलिखितातला सगळ्यात उपयोगी सल्ला तिथेच दडलेला असतो. पुढे दिलेली सगळी पद्धत मुख्यतः त्या जागांसाठी आहे.

वेळ आणि कागद

मराठी गद्य घाई न करता मोठ्याने वाचलं तर मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. आपला वेग एकदा मोजून घ्या: पाच मिनिटं वाचा, शब्द मोजा, पाचाने भागा. दिवाळी अंकाला पाठवायची 3000 शब्दांची कथा 25 ते 30 मिनिटांत वाचून होते. 60,000 शब्दांच्या कादंबरीला नुसत्या वाचनाचे नऊ-दहा तास लागतात आणि खुणा करत वाचायचं तर पंधरा-सोळा. एका बैठकीला 45 मिनिटं धरली तर वीस-एकवीस बैठका, म्हणजे रोज एक याप्रमाणे तीन आठवडे. हा हिशोब आधी करून ठेवा. पहिल्या उत्साहात सलग तीन तास वाचलं की घसा बसतो, चौथ्या प्रकरणापासून ओठ हलायचे थांबतात आणि बाकीचं मनातच वाचलं जातं. अशा पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं घोटीव आणि पुढची खडबडीत होतात.

मोठ्याने वाचायची वेळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या खर्ड्यानंतरची. अजून प्रकरणं मागेपुढे व्हायची असतील, एखादं पात्र काढून टाकायचा विचार असेल, तर ते आधी उरका. जे उद्या काढायचं आहे त्याची वाक्यं आज गुळगुळीत करण्यात अर्थ नाही. उलट तोटा आहे, कारण कानाला गोड लागलेलं वाक्य नंतर काढवत नाही. शेवटचा हात फिरवल्यावर लेख असेल तर तीन-चार दिवस आणि पुस्तक असेल तर निदान दोन आठवडे बाजूला ठेवा. वाक्यं जेवढी विसराल तेवढं वाचन खरं होईल.

वाचायचं ते छापील प्रतीवरून. ए-फोर कागद, एकाच बाजूला छपाई, अक्षर 14 पॉइंट, दोन ओळींत दीडपट अंतर आणि उजवीकडचा समास निदान पाच सेंटिमीटर, खुणांसाठी. पानांना क्रमांक हवेतच; पंख्याच्या वाऱ्याने गठ्ठा उडाला की त्यांची किंमत कळते. लिहिताना जो फॉन्ट वापरलात तो छापताना बदला. मंगलमध्ये टाइप केलं असेल तर मुक्तमध्ये छापा. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, शब्दांची ओळखीची जागा बदलते आणि डोळ्याला आठवणीवर धावता येत नाही. त्यासाठीच आणखी एक साधं साधन: पोस्टकार्डाएवढा जाड कागद. तो चालू ओळीच्या खाली धरा आणि ओळ संपली की खाली सरकवा. पहिल्या दोन पानांवर हे जाचक वाटतं, मग हात आपोआप सरकतो.

कसं वाचायचं

ताठ बसून किंवा उभं राहून वाचा. आडवं पडून वाचलं की श्वास आखूड होतो आणि चांगलं वाक्यही लांब वाटायला लागतं. जवळ साधं किंवा कोमट पाणी ठेवा. घरात कुणी झोपलंय म्हणून कुजबुजत वाचायचा मोह होतो, तो टाळा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, आवाजाला चढउतार राहत नाही, म्हणजे जे ऐकायचं तेच नाहीसं होतं. वर घसाही लवकर थकतो. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा आवाज पुरे.

अभिनय करू नका. हे बजावून सांगण्याचं कारण असं की अभिवाचनाची सवय असलेल्यांना हीच गोष्ट सगळ्यात जड जाते. कसलेला आवाज कच्चं वाक्यही तारून नेतो: कुठे थांबायचं, कुठे हळू व्हायचं, कुठल्या शब्दावर रेलायचं हे तो स्वतःच ठरवतो आणि कागदावरची उणीव झाकून टाकतो. तुमच्या वाचकाकडे तुमचा आवाज नसणार. आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं सपाट, स्पष्ट वाचा. स्वल्पविराम असेल तिथे थोडं थांबा, नसेल तिथे थांबू नका. न थांबता पुढे जाणं अशक्य झालं, तर ती नोंद करायची जागा.

मराठीत विरामचिन्हांचा हा भाग जपून हाताळावा लागतो. जुन्या मोडी लिपीत शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत. अर्थ बघून वाचणाऱ्यानेच तोडायचं. आज वापरतो ती चिन्हं इंग्रजी छपाईवरून एकोणिसाव्या शतकात आली आणि ती रुळवण्यात मराठीचे इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. पण ‘तर’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘ना’, ‘की’ हे शब्द आजही अर्धं काम करतात. ‘पाऊस थांबला तर निघू’ याला स्वल्पविराम लागत नाही, ‘तर’वर जीभ आपोआप विसावते. तेव्हा श्वास घेतला तिथे डोळे मिटून स्वल्पविराम ठोकू नका. आधी बघा, तिथे असा एखादा शब्द आहे का. नसेल, तर स्वल्पविरामापेक्षा वाक्य मोडून पुन्हा जुळवायची गरज जास्त असते.

खुणा

हातात पेन्सिल ठेवा आणि पाचच खुणा ठरवा. श्वास पुरला नाही तिथे उभी रेघ. जीभ अडली तिथे शब्दाखाली नागमोडी. तोच शब्द किंवा तोच शेवट पुन्हा आला तर गोल. अर्थ लागायला वाक्य दुसऱ्यांदा वाचावं लागलं तर समासात प्रश्नचिन्ह. तोंडातून कागदापेक्षा वेगळं निघालं, तर तो निघालेला शब्द कागदावरच्या शब्दाच्या डोक्यावर लिहून टाका. याशिवाय लक्ष उडून दुसरीकडे गेलं असं जाणवलं, तर तिथून समासात खाली रेघ ओढत जा, लक्ष परत येईपर्यंत. लेखकालाच कंटाळा आला तिथे वाचक पान उलटतो.

वाचताना दुरुस्ती करायची नाही. एक वाक्य सुधारायला थांबलात की कान बंद होतो आणि हात सुरू होतो. सात-आठ मिनिटांनी पुन्हा वाचायला लागलात तर मागच्या परिच्छेदाची लय विसरलेली असते आणि पुढचा परिच्छेद एकटाच उभा असल्यासारखा ऐकू येतो. खूण करा, पुढे चला. प्रकरण संपल्यावर दहा मिनिटं पाणी, येरझारा, मग खुणा घेऊन संगणकावर बसा.

क्रमाचंही थोडं बघा. पहिली वीस पानं लिहिताना इतक्यांदा वाचलेली असतात की ती पाठ झालेली असतात. पूर्ण वाचन एकदा सरळ क्रमाने झालं की दुसऱ्या वेळी शेवटच्या प्रकरणापासून मागे या. प्रकरण आतून सरळच वाचायचं, प्रकरणांचा क्रम तेवढा उलटा. शेवटची प्रकरणं ताज्या आवाजाने वाचली जाण्याचा दुसरा मार्ग नाही.

मराठीत हमखास सापडणाऱ्या जागा

मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे वाक्याचा सगळा भार क्रियापद येईपर्यंत वाचकाने डोक्यावर धरून ठेवायचा असतो. एका श्वासात आरामात पंधरा ते अठरा शब्द बसतात, म्हणून कर्त्यापासून क्रियापदापर्यंतचं अंतर त्याच्या आत ठेवलेलं बरं. हे वाक्य मोठ्याने वाचून बघा:

‘गेल्या वर्षी पावसाळ्यात नदीला आलेल्या पुरात वाहून गेलेल्या पुलाच्या जागी नवीन पूल बांधण्याच्या मागणीसाठी गावकऱ्यांनी तहसील कार्यालयावर काढलेल्या मोर्चात महिलांची संख्या लक्षणीय होती.’

तेवीस शब्द आणि पूर्ण क्रियापद एकच, तेही अगदी शेवटी. ‘आलेल्या’, ‘गेलेल्या’, ‘काढलेल्या’ या विशेषणांत तीन घटना कोंबल्या आहेत. मोकळं करून:

‘गेल्या पावसाळ्यात पुरात पूल वाहून गेला. तो पुन्हा बांधा म्हणून गावकऱ्यांनी तहसील कार्यालयावर मोर्चा काढला. मोर्चात बायका मोठ्या संख्येने होत्या.’

शब्द तेविसाचे वीस झाले, म्हणजे फारसे कमी झाले नाहीत. प्रत्येक घटनेला तिचं क्रियापद मिळालं एवढंच. ‘लेल्या’चा शेवट एका वाक्यात दोनदा ऐकू आला की आत एखादं वाक्य अडकून पडलंय असं समजा.

दुसरी जागा कथा-कादंबरीत पानोपानी सापडते. हा परिच्छेद घ्या:

‘सकाळी लवकर उठून अंघोळ करून देवपूजा आटोपून चहा घेऊन अण्णा बाहेर पडले होते. रस्त्यावर अजून धुके होते. दुकाने बंद होती. स्टँडवर एसटी उभी होती. अण्णांच्या हातातील पिशवीतील डब्यातील भाकरी अजून गरम होती.’

मनात वाचताना यात काही खटकत नाही. मोठ्याने वाचलं की पहिल्या वाक्यात उठून-करून-आटोपून-घेऊन अशी पाढे म्हटल्यासारखी चाल लागते. पुढे प्रत्येक वाक्य ‘होते-होती’वर आपटतं आणि तिसऱ्या ‘होती’ला आवाज आपोआप पडतो. शेवटच्या वाक्यात ‘तील’ तीनदा येतं आणि बहुतेकांच्या तोंडून तिसऱ्या वेळी ‘डब्यातली’ निघतं. जीभ इथे कागद सोडून बोलली. ते डोक्यावर लिहून ठेवायचं. दुरुस्ती अशी होऊ शकते:

‘अंघोळ, पूजा, चहा सगळे उरकून अण्णा पहाटेच बाहेर पडले. रस्त्यावर धुके. दुकाने बंद. स्टँडवर एसटी मात्र येऊन उभी होती. अण्णांनी पिशवीत हात घालून पाहिले. डब्यातली भाकरी अजून गरम होती.’

‘ऊन’ची माळ तुटली, कारण ती कामं नुसती नावं झाली. दोन ठिकाणी ‘होते’, ‘होती’ गाळलं तरी अर्थाला धक्का नाही. मराठीत हे चालतं आणि बोलण्यात आपण ते सर्रास करतो. ‘पडले होते’चं ‘पडले’ झालं. पूर्ण भूतकाळाची सवय लेखणीला फार लागते. पुढे आणखी काही घडायचं नसेल तर ‘होते’ काढून बघा, बहुतेक वेळा वाक्य हलकं होतं. तिन्ही ‘तील’ एकाच वेळी जागा दाखवायला धडपडत होते, म्हणून तिथे एक कृती घातली. हात पिशवीत गेला की डबा आणि भाकरी वाचकाला आपोआप दिसतात. मात्र गाळलेल्या क्रियापदांची छोटी वाक्यं सलग चार-पाच लावू नका. तीही एक चालच होते आणि दुसऱ्या पानावर कानाला टोचते.

जोर कुठल्या शब्दावर आहे हे कागदावर दिसायला हवं. वाचताना तुम्ही आवाजाने ‘काल रमाने *मला* फोन केला’ असा जोर देता आणि वाक्य बरोबर वाटतं. तो जोर छापला जात नाही. मराठीत क्रियापदाच्या लगेच आधीचा शब्द जोर धरतो, म्हणून शब्द हलवा: ‘काल रमाने फोन मला केला.’ किंवा ‘मलाच’ करा, पण एका परिच्छेदात दोनपेक्षा जास्त ‘च’ आले की एकालाही वजन राहत नाही. सपाट वाचायचं ते याचसाठीही. सपाट वाचून अर्थ लागला तर जोर कागदावर आहे.

च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार असलेले शब्दही मोठ्याने वाचताना वर येतात. ‘जप’ म्हणजे नामस्मरणही आणि ‘सांभाळ’ही, ‘जग’ म्हणजे दुनियाही आणि ‘जगत राहा’ही. उच्चार वेगळे, लेखन एकच. लेखकाला कुठला उच्चार ते माहीत असतं, वाचक चुकीचा धरून निम्म्या वाक्यापर्यंत जातो. निरोप देताना आई म्हणते, ‘जप.’ एवढंच लिहिलं तर क्षणभर माळ डोळ्यांपुढे येते. ‘जप हं’ किंवा ‘जिवाला जप’ केलं की प्रश्न मिटतो. हे तुमच्या स्वतःच्या वाचनात क्वचितच सापडेल. त्यासाठी दुसरा वाचणारा हवा, त्याबद्दल पुढे.

संवादांसाठी एक वेगळं वाचन करा, मधलं निवेदन सोडून फक्त बोलणी. ‘आई, आपण जेवण केले आहे का?’ हे कुठल्याच घरात कुणी म्हणत नाही; ‘आई, जेवलीस?’ म्हणतात. वडिलांना घरोघरी ‘तू’ही म्हणतात आणि ‘तुम्ही’ही, पण एकाच मुलीने तिसऱ्या प्रकरणात ‘बाबा, तुम्ही’ आणि सातव्यात ‘बाबा, तू’ म्हटलं तर सलग संवाद वाचताना लगेच पकडलं जातं. रागात अंतर पडलं म्हणून ती मुद्दाम ‘तुम्ही’वर आली असेल तर गोष्ट निराळी, पण मग ते वाचकालाही जाणवलं पाहिजे. ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ किती वेळा आलं याची चिंता करू नका, कान ते ऐकतही नाही. ‘उद्गारला’, ‘वदली’, ‘उत्तरला’ मात्र प्रत्येक वेळी ठेच लावतात. बोली असेल, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी कुठलीही, तर ते संवाद त्या भागात वाढलेल्या माणसाकडून वाचून घ्या. तो वाचताना जे शब्द बदलेल ते निमूट लिहून घ्या.

निवेदनात ‘केले, गेले’ आणि ‘केलं, गेलं’ यांची सरमिसळ हा आजच्या हस्तलिखितांतला सगळ्यात जास्त आढळणारा दोष आहे. दोन्ही रूपं आपापल्या जागी बरोबर आहेत. निवेदक कुठलं बोलतो ते पहिल्या पानाआधी ठरवा. वाचताना गोंधळ असा होतो की कागदावर ‘केले’ असलं तरी जीभ ‘केलं’च म्हणते. म्हणून निदान एक प्रकरण छापलंय तसंच्या तसं, प्रत्येक ‘ए’ स्पष्ट उच्चारून वाचा. वीस पानं ‘केले’ म्हणताना सतत परकं वाटलं, तर तुमचा निवेदक बोलका आहे आणि त्याला ‘केलं’ दिलं पाहिजे.

‘त्याच्याद्वारे दार उघडण्यात आले’ यासारखी सरकारी पत्रातली वाक्यं आवाजात आली की स्वतःच लाजवतात, त्यांच्यावर जास्त काही लिहायची गरज नाही. कोणी उघडलं ते लिहा.

कवितेपुरती एक सूचना: छंदातली कविता चालीवर म्हणू नका, साध्या बोलण्याच्या लयीत वाचा. चालीत एखादं अक्षर लांबवलं की कमी पडलेली मात्रा भरून निघते आणि चूक ऐकूच येत नाही.

ध्वनिमुद्रण

जिभेची गुपचूप दुरुस्ती पकडायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग फोनवर रेकॉर्ड करणं हा आहे. फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला ठेवा; अगदी समोर ठेवलात तर प, फ, भ यांचे फुत्कार येतात. पंखा बंद करा. एका प्रकरणाची एक फाइल करा आणि नावात प्रकरणाचा क्रमांक व वाचनाची तारीख घाला. वाचताना चुकलात तरी थांबून पुन्हा वाचू नका, चूक तशीच राहू द्या. तीच तर हवी आहे.

दुसऱ्या दिवशी ऐका, दोनदा. पहिल्यांदा कागद समोर न ठेवता, हातात फक्त वही. लक्ष उडालं की फोनवरची वेळ टिपा, उदाहरणार्थ 12:40. दुसऱ्यांदा छापील प्रत समोर ठेवून, प्रत्येक शब्दावर पेन्सिलीचं टोक फिरवत. आवाज आणि कागद वेगळे झाले की थांबवा आणि आवाजातला शब्द कागदावर लिहा. अशा जागांची यादी झाली की प्रत्येक जागी निवड करावी लागते. बहुतेक वेळा जिभेचा शब्द जास्त मराठी असतो: ‘प्रारंभ केला’ लिहिलेलं असतं, तोंडाने ‘सुरुवात केली’ म्हटलेलं असतं. पण सरसकट जिभेचं ऐकू नका. जीभ घिसाडघाईत नेमका शब्द टाकून सैल शब्द उचलते. ‘ओसरी’ लिहिलेलं असताना ‘अंगण’ वाचलं गेलं तर ओसरीच ठेवा, कारण अर्थ बदलतो. अर्थ तोच राहून फक्त ओघ सुधारला असेल तेव्हा जिभेचं घ्या.

दुसऱ्याचा आवाज, यंत्राचा आवाज

मराठी नाटककाराने नाटक मंडळीसमोर वाचून दाखवायची पद्धत जुनी आहे. त्यात लेखक वाचतो आणि बाकीचे ऐकतात. हस्तलिखिताच्या पुनर्लेखनासाठी उलट करा: वाचणारा दुसरा, ऐकणारे तुम्ही. नट निवडू नका, रोज वर्तमानपत्र वाचणारं कुणीही चालेल. त्याला आधी पान वाचायला देऊ नका. प्रकरणाच्या मधली दहा पानं पुरतात. समोर न बसता बाजूला बसा, हातात तुमची प्रत ठेवा आणि तोंड बंद ठेवा. तो अडला तर शब्द पुरवू नका, ‘इथे असं आहे की’ म्हणून समजावू नका. त्याने मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचलं, चुकीच्या शब्दावर जोर दिला किंवा ‘जप’ भलत्याच उच्चाराने वाचलं, की खूण करा. शेवटी मत विचारलंत तर तो ‘छान आहे’ म्हणेल, त्यात काही हाती लागत नाही. तो कुठे थांबला याच्या नोंदी खऱ्या.

माणूस मिळत नसेल तर संगणकाकडून वाचून घ्या. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये ‘मोठ्याने वाचा’ ही सोय आहे आणि त्यात मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत. वेग नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवा. यंत्राला तुमची कथा आठवत नाही, त्यामुळे गळलेला ‘नाही’, दोनदा पडलेला ‘आणि’, ‘ने’च्या जागी आलेलं ‘ला’ ते जसंच्या तसं म्हणतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, तेही कानाला लगेच कळतं. लयीबद्दल मात्र यंत्राचा निवाडा मानू नका. ते च-ज चुकवतं, ‘इ.स.’ आणि ‘डॉ.’पाशी वाक्य संपल्यासारखं थांबू शकतं आणि कंटाळवाणा परिच्छेदही त्याच प्रसन्न आवाजात वाचतं.

दुरुस्तीनंतर

खुणांप्रमाणे बदल केल्यावर तो परिच्छेद, त्याच्या आधीचा आणि नंतरचा असे तीन एकत्र मोठ्याने वाचा. वाक्य सुधारलं की जवळच्या वाक्याशी त्याचा सांधा बिघडतो: जिथे ‘ते’ म्हणजे अण्णा होते तिथे मधे शेजारचे काका आले की ‘ते’ कोण हे कळेनासं होतं, गोल करून काढलेला शब्द दुसऱ्या रूपात खालच्या ओळीत परत येतो. एकाच जागेला तीनदा हात लावूनही जीभ अडत असेल तर वाक्य काढून टाकून परिच्छेद वाचा. कितीतरी वेळा त्याची गरजच नव्हती असं दिसतं.

कानाला न सापडणाऱ्या चुकाही असतात आणि त्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या पहिल्या. मराठी बोलण्यात ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला फरक घाईत ऐकू येत नाही; मोडीत तर हा भेद बहुधा पाळतच नसत. श आणि ष यांचंही तसंच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा आणि 1972 मध्ये भर पडलेले चार, असे अठरा नियम लिहिण्यासाठी आहेत, ते कान शिकवत नाही. म्हणून मांडणी होऊन मुद्रित, म्हणजे छापण्याआधीचं प्रूफ, हाती आलं की शेवटचं वाचन जोडीने करावं, मुद्रितशोधकांच्या जुन्या पद्धतीने. एकाने दुरुस्त केलेली मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची, आणि वाचणाऱ्याने शब्दांबरोबर चिन्हंही उच्चारायची. शंकेच्या शब्दाला वेलांटी-उकार सांगून टाकायचे. ‘अण्णांनी, न दुसरी, पिशवीत, प पहिली, व दुसरी, हात घालून, ल दुसरा उकार, पाहिले, पूर्णविराम.’ तासाला दहा-बारा पानांपेक्षा जास्त होत नाहीत आणि दर वीस मिनिटांनी वाचणारा व पाहणारा यांनी जागा बदलायच्या, कारण पाहणाऱ्याचे डोळे वाचणाऱ्याच्या घशाच्या आधी थकतात.